पावसाची रोजकीर्द

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे पेढ्यांवर वह्यांची पूजा होते. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, 'शुभ' आणि 'लाभ' हे शब्द लिहिले जातात, वहीला फूल वाहिले जाते. आता हिशेब यंत्रावर गेले. तरी कित्येक दुकानदार त्या यंत्रालाच हार घालून हा विधी पार पाडतात. लक्ष्मीची पूजा करताना नाण्यांच्या शेजारी हिशेबाची वहीही मांडावी, हे ज्या कोणाला सुचले तो मोठा जाणता माणूस असला पाहिजे. हाती काय आले एवढ्यानेच धन पुरे होत नाही. ते कोणाकडून आले आणि कोणाचे देणे राहिले, हे खरेपणाने लिहून ठेवणे हाही धनाचाच भाग आहे, असे त्याला सुचवायचे असावे.

मात्र वही लिहायची तर देणारा आणि घेणारा असे दोन पक्ष समोर असावे लागतात. देणाऱ्याला आपण काही दिल्याची वार्ताच नाही आणि घेणाऱ्याला वाचा नाही, असा व्यवहार असला तर त्याची वही कोणी लिहायची? आणि लिहिलीच, तर ती कोणापुढे उघडायची? हा प्रश्न वरवर पाहता वकिली कोड्यासारखा वाटेल. परंतु आपल्या काळातल्या नीतीचा तो अगदी मधोमधचा प्रश्न आहे, अशी माझी समजूत आहे. नुसत्या तर्काच्या जोरावर तो सोडवू पाहण्यापेक्षा एक खरीखुरी वही उघडून पाहणे बरे. ही वही एका अरण्यात लिहिली जाते. तिच्यात साठ वर्षांहून अधिक काळ पावसाच्या नोंदी होत आल्या आहेत.

अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशायर नावाचे एक लहानसे राज्य आहे. तेथील डोंगरांत हबर्ड ब्रूक नावाचा ओढा वाहतो. त्याच्या खोऱ्यातले अरण्य १९५५ साली अमेरिकेच्या वनखात्याने संशोधनासाठी राखून ठेवले. पुढे १९६३ साली हर्बर्ट बॉर्मन, जीन लायकेन्स, नोय जॉन्सन आणि रॉबर्ट पिअर्स या चार शास्त्रज्ञांनी तेथे एक काम आरंभले. त्यांची कल्पना वैद्याच्या कल्पनेसारखी होती. रोग्याच्या पोटात काय गेले आणि बाहेर काय आले यावरून वैद्य प्रकृती ताडतो. तशीच अरण्याची प्रकृती ताडता येईल, असे त्यांना वाटले. त्या खोऱ्याखालचा खडक असा घट्ट आहे की पाणी त्यात झिरपून नाहीसे होत नाही. पडलेला पाऊस एक तर हवेत परत जातो, नाही तर ओढ्याच्या वाटेने बाहेर पडतो. तेव्हा वरून पडणाऱ्या पाण्यात काय आहे हे तपासावे, ओढ्याच्या बंधाऱ्यावर बाहेर पडणाऱ्या पाण्यात काय आहे हे तपासावे, आणि दर आठवड्याला दोन्ही लिहून ठेवावे, असे ठरले. एकीकडे जमा, दुसरीकडे खर्च. मधली बाकी म्हणजे अरण्य.

ते प्रदूषण शोधायला निघाले नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कोणावर फिर्याद करण्याचा त्यांचा हेतू नव्हता. तरीही पहिल्याच उन्हाळ्यातल्या पावसाचे पाणी तपासले तेव्हा ते विलक्षण आम्ल निघाले. पाण्याची आम्लता ज्या मापाने मोजतात त्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत 'सामू' म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू सात असतो आणि आकडा खाली जाईल तशी आम्लता वाढते. आकडा एकाने उतरला की आम्लता दहापट होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळत असल्यामुळे स्वच्छ पावसाचाही सामू साधारण ५.६ असतो. हबर्ड ब्रूकच्या त्या पाण्याचा सामू ३.७ च्या आसपास होता. म्हणजे स्वच्छ पावसाच्या जवळजवळ ऐंशीपट आम्लता; टोमॅटोच्या रसाहूनही अधिक.

ही आम्लता आली कोठून? त्या खोऱ्यात कारखाना नव्हता, मोठे गाव नव्हते, धुराडे तर नव्हतेच. उत्तर हळूहळू उलगडले, आणि १९७४ साली लायकेन्स व बॉर्मन यांनी ते शास्त्रीय जगापुढे मांडले. नैर्ऋत्येकडे शेकडो कोसांवर ओहायो नदीच्या खोऱ्यात आणि आसपासच्या औद्योगिक मुलखात मोठमोठी वीजकेंद्रे होती. त्यांत कोळसा जळे. कोळशातला गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होई, तो वाऱ्याबरोबर वाहत जाताना एकदोन दिवसांत त्याचे गंधकाम्ल बने, आणि ते पावसातून किंवा बर्फातून उतरे. नायट्रोजनच्या वायूंचीही त्याला जोड असे. मँचेस्टरच्या आकाशाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट अँगस स्मिथ याने १८७२ सालीच आपल्या ग्रंथात 'आम्लवर्षा' हा शब्द वापरला होता. पण त्याने पाहिलेला पाऊस कारखान्यांच्या दाराशीच पडत होता. धूर एका राज्यात आणि पाऊस दुसऱ्या राज्यात, हा प्रकार नवा होता. १९६७ साली स्वीडनमध्ये स्वान्ते ओडेन या शास्त्रज्ञाने वृत्तपत्रात लेख लिहून आपल्या सरोवरांवर पडणाऱ्या आम्लाचा उगम ब्रिटन आणि मध्य युरोपातील कोळशापर्यंत नेऊन दाखवला, तेव्हा तिकडेही अशीच खळबळ उडाली होती.

येथपर्यंतची कथा शास्त्राची झाली. आता तिच्यातला नीतीचा प्रश्न पाहू. यात अपराधी कोण?

भट्टीत कोळसा लोटणारा मजूर? तो पोटासाठी राबत होता. वीजकेंद्राचा चालक? तो लोकांनी मागितलेली वीज पुरवीत होता. की संध्याकाळी दिवा लावून मुलाचा अभ्यास घेणारी ओहायोतली एखादी आई? तिने तर आयुष्यात न्यू हॅम्पशायर पाहिलेही नसेल. यांतल्या कोणाच्याही मनात त्या अरण्याचे वाईट करण्याचा विचार नव्हता. किंबहुना ते अरण्य कोणाच्या मनातच नव्हते. आणि ज्याचे नुकसान झाले तो पक्ष तरी कसा? मेपलची झाडे, ओढ्यातले मासे, मातीतल्या गोगलगाई. त्यांना फिर्याद करता येत नाही.

आपल्या परंपरेत कर्माचा सिद्धान्त आहे. जो करील तो भोगील, या जन्मी नाही तर पुढच्या जन्मी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या सिद्धान्तात एक मोठा दिलासा आहे: करणारा आणि भोगणारा यांची शेवटी कोठे तरी गाठ पडते. हबर्ड ब्रूकच्या पावसात ती गाठच सुटलेली दिसते. करणारा एकीकडे, भोगणारा दुसरीकडे, आणि दोघांना जोडणारा वारा. त्याच्यावर कोणाचे नाव लिहिलेले नसते.

येथे मला रामायणातल्या दशरथाची आठवण होते. अंधारात, नदीकाठी, घडा भरण्याचा आवाज हत्तीचा समजून त्याने शब्दवेधी बाण सोडला आणि श्रावण पडला. दशरथाच्या मनातही वैर नव्हते, त्यालाही लक्ष्य दिसत नव्हते. मग त्याची कथा आपल्याला इतकी का हलवते? मला वाटते, तिचे मर्म बाणानंतरच्या क्षणात आहे. किंकाळी ऐकू येते, राजा धावत जातो, मरणाऱ्या मुलाचे डोके आपल्या मांडीवर घेतो, आणि स्वतः त्या अंध आईबापांपुढे जाऊन उभा राहतो. त्या एका किंकाळीने शिकारीचा अपराध झाला. ती ऐकू आली नसती तर दशरथ सकाळी सुखाने अयोध्येला परतला असता. त्याच्या हातून घडलेले तेच राहिले असते. फक्त त्याला ते कळले नसते.

आपल्या युगातले पुष्कळसे बाण असे आहेत की त्यांची किंकाळी अयोध्येपर्यंत पोहोचत नाही. बाण कोटी हातांनी सोडलेला असतो, प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा एक सूक्ष्म अंश येतो, आणि तो जेथे लागतो तेथे बोलणारे कोणी नसते. अशा वेळी सदसद्विवेक काय करणार? ती जागी होते ऐकण्याने, पाहण्याने. जे ऐकू येत नाही आणि दिसत नाही त्यासाठी तिला निराळे इंद्रिय हवे. ते इंद्रिय म्हणजे अरण्यात बसून लिहिलेली ती वही, असे माझे म्हणणे आहे. दर आठवड्याला बाटलीत गोळा केलेले पावसाचे पाणी ही त्या अरण्याची किंकाळीच होय. ती इतकी सावकाश उमटते की ऐकण्यासाठी काही वर्षे तेथे बसून राहावे लागते.

किती वर्षे, याचे उत्तर फार बोलके आहे. हबर्ड ब्रूकच्या पावसातली आम्लता एकंदरीत कमी होत आहे हे संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठामपणे सांगण्यासाठी अठरा वर्षांच्या सलग नोंदी लागल्या, असे लायकेन्स यांनी दाखवले आहे. त्या काळातला तीनचार वर्षांचा एखादाच तुकडा उचलला असता तर त्यावरून आम्लता वाढते आहे असेही दाखवता आले असते, घटते आहे असेही, किंवा आहे तशीच आहे असेही! ज्याला जे हवे ते त्याने सिद्ध करावे. एखादे वर्ष कोरडे जाते, एखाद्या वर्षी वारा दिशा बदलतो, आणि आकडे वरखाली होतात. रोजकीर्दीत सगळे खरेच लिहिलेले असते, पण त्या खऱ्याचा अर्थ खतावणीत उतरल्यावरच कळतो. आणि ही खतावणी मांडायला अठरा वर्षे जावी लागली. अठरा वर्षांत तान्हे मूल मतदार होते. तेवढा काळ ऊन, पाऊस, हिमवर्षाव यांत जाऊन बाटल्या बदलायच्या आणि ठराविक पद्धतीने पाणी तपासायचे. आज निष्कर्ष निघत नाही म्हणून उद्याची खेप टाळायची नाही. निष्काम कर्माची व्याख्याने आपण पुष्कळ ऐकली आहेत. त्याचे असे साधे उदाहरण क्वचितच पाहायला मिळते.

परंतु येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाही. कोणी म्हणेल, लिहीत बसण्यात कसला आला आहे सद्गुण? घर जळत असताना ज्वाळांची उंची मोजणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. आणि या आक्षेपाला इतिहासाचा आधारही आहे. अमेरिकेत १९८० साली आम्लवर्षेच्या अभ्यासासाठी दहा वर्षांचा एक राष्ट्रीय कार्यक्रम कायद्याने सुरू झाला. त्या दहा वर्षांत ज्यांना धुराड्यांवर खर्च करायचा नव्हता त्यांच्या हाती एक सोयीचे वाक्य आले: अजून पुरेसा पुरावा नाही, आणखी अभ्यास होऊ द्या. शेजारच्या कॅनडाची सरोवरे आम्ल होत होती, तेथील लोक तक्रार करीत होते. त्यांनाही हेच उत्तर मिळे. मोजणाऱ्याच्या सबुरीमागे टाळणाऱ्याची चालढकल अशी सहज लपते.

म्हणून या दोहोंतला भेद स्पष्ट करून ठेवला पाहिजे. सबुरी कोणाच्या खर्चाने केली जाते, हे पाहावे. हबर्ड ब्रूकचे शास्त्रज्ञ आपल्या आयुष्याची वर्षे खर्चून थांबले होते. चालढकल करणारे दुसऱ्याच्या सरोवराच्या खर्चाने थांबले होते. दुसरे असे की, सबुरीने लिहिणारा प्रत्येक टप्प्यावर आजवरचे जे ठाऊक आहे ते उघड सांगतो. लायकेन्स आणि बॉर्मन यांनी अठरा वर्षे पुरी होण्याची वाट पाहिली नाही. धोका दिसताच १९७४ सालीच बोलून दाखवला आणि लिहिणेही चालू ठेवले. संशय पुरता फिटेपर्यंत काहीच करायचे नाही, असा नियम आपण घरातल्या आजाऱ्याच्या बाबतीत तरी पाळतो काय? ताप मोजत राहतो आणि औषधही देतो.

चालढकलीहूनही फसवी अशी आणखी एक गोष्ट या कथेत आहे. ती म्हणजे चांगुलपणा. १९७० साली अमेरिकेत हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला. आपल्या परिसरातली हवा ठराविक मर्यादेपेक्षा जास्त दूषित होता कामा नये, असा दंडक पडला. ती मर्यादा पाळण्याचा एक सोपा मार्ग पुष्कळांना सापडला: धुराडे उंच करा, म्हणजे धूर आपल्या गावावरून निघून जाईल. पाचशे फुटांहून उंच धुराडी १९७० साली त्या देशात दोनच होती. १९८५ पर्यंत त्यांची संख्या एकशे ऐंशीच्या वर गेली. गावकऱ्यांची छाती हलकी झाली, मापकयंत्रावरचे आकडे उतरले, कायदा पाळला गेला, सर्वांना समाधान वाटले. आणि धूर उंचावरच्या वाऱ्यात शिरून आणखी दूर जाऊ लागला. आपले अंगण झाडून केर भिंतीपलीकडे टाकणाऱ्या माणसाला आपण हसतो. पण ही भिंत पाचशे फूट उंच असली, आणि पलीकडचे अंगण हजार मैलांवर असले, की त्यालाच सुधारणा हे नाव मिळते. जो हिशेब आपल्या अंगणाच्या सीमेवर संपतो तो कितीही चोख असला तरी अपुरा, हे यातून शिकावे.

शेवटी १९९० साली अमेरिकेने कायद्यात दुरुस्ती केली. वर्षाला सोडल्या जाणाऱ्या सल्फर डायऑक्साइडमध्ये १९८० च्या मानाने एक कोटी टनांची घट करायची, असे ठरले. पुढच्याच वर्षी कॅनडाशी करार झाला. आज अमेरिकेची वीजकेंद्रे त्या काळच्या एकदशांशाइतकाही गंधकाचा वायू सोडीत नाहीत. आणि त्या अरण्यातल्या वहीत काय उमटले? पाऊस सुधारला. ज्याचा सरासरी सामू चारच्या थोडा वर असे, तो पाचावर आला. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे काढले, तेव्हा पावसातले शिसेही झपाट्याने उतरले. वही लिहिणाऱ्यांनी अपराध जितक्या निष्ठेने लिहिला तितक्याच निष्ठेने ही सुधारणाही लिहिली. मला हे फार महत्त्वाचे वाटते. सदसद्विवेक म्हणजे नुसते टोचणारे बोट नव्हे. जिला दोषच दिसतात आणि दुरुस्ती दिसत नाही, ती एक तर कुरकूर असते, नाही तर अहंकार. माणसे ठरवतात आणि शेकडो कोसांवरचा पाऊस बदलतो, ही गोष्ट आशेसाठी पुरेशी आहे; आणि ती गोड समजूत नसून मोजलेली गोष्ट आहे.

मात्र त्या वहीचे दुसरे पान वाचल्याशिवाय आपली सुटका नाही. पाऊस सुधारला तरी अरण्य त्या वेगाने सुधारले नाही. आम्लाने इतकी वर्षे मातीतला कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश, धुऊन नेला होता. सावकाराने व्याज थांबवले तरी गेलेले मुद्दल परत येत नाही, तशातला हा प्रकार. लायकेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवले की तेथील झाडांची एकूण वाढ १९८७ पासून जवळजवळ थांबलीच होती. आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळली. धुरातली राख आणि रस्त्यांवरची धूळ यांतूनही हवेत थोडा चुना मिसळे, आणि तो आम्लाला थोडे मारीत असे. धूर स्वच्छ करताना तोही कमी झाला. म्हणजे एका रोगावरच्या उपायाने दुसऱ्याचे औषध हिरावले!

मग ऑक्टोबर १९९९ मध्ये एका लहानशा पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून कॅल्शियमयुक्त खनिजाच्या गोळ्या टाकण्यात आल्या. गेले त्यातले काही परत करून पाहू, असा तो प्रयोग होता. तेथील शुगर मेपलची झाडे पुन्हा सुदृढ होऊ लागली, अरण्य वाढू लागले. परंतु काही वर्षांनी त्याच पाणलोटाच्या ओढ्यात पूर्वी नव्हता इतका नायट्रोजन वाहून येऊ लागला. मातीत साठलेले काहीतरी मोकळे झाले होते. ही नोंदही वहीत आली. आपल्याकडे प्रायश्चित्त म्हटले की दान केले, स्नान केले आणि मोकळे झालो, अशी समजूत असते. निसर्गात प्रायश्चित्तालाही परिणाम असतात, आणि त्यांचाही हिशेब ठेवावा लागतो. अपराध घडायला जेवढा काळ लागला, निस्तरायला त्याहून अधिक लागू शकतो.

एवढे वाचून कोणी म्हणेल, हे सगळे त्यांच्या अरण्याचे झाले. दिवाळीच्या फराळाबरोबर ते आम्हाला कशाला? म्हणून थोडे इकडे वळू. हवामानखात्याने आपल्या देशातही पावसाची अशी वही ठेवली आहे. गेल्या शतकाच्या सत्तरीपासून पुणे, नागपूर, जोधपूर, श्रीनगर, कोडाईकनाल, मिनिकॉय अशा दहा ठिकाणी पावसाचे पाणी गोळा करून तपासले जाते. आपला पाऊस फारसा आम्ल नसतो, याचे कारण आपली धूळ. उन्हाळाभर उडणाऱ्या मातीत चुन्याचा अंश असतो आणि तो आम्लाला मारतो. ज्या धुळीला गृहिणी वर्षभर नावे ठेवते ती आजवर आपली पाठ राखीत आली आहे. परंतु या वहीची खतावणी काढली तर दशकामागून दशक पावसाचा सामू खाली सरकत चाललेला दिसतो. धुळीचा आधार अक्षय नाही.

आणि आपला गंधक? फटाक्याच्या दारूत गंधक असतो. तो पेटवणारा हात दिसतो, वास नाकाला कळतो, शेजारी लगेच खिडकी लावून घेतो. म्हणून त्यावर दरवर्षी वाद होतो, आणि तो व्हावाही. पण दारावरच्या विजेच्या माळेला वास नसतो. चंद्रपूरच्या वीजकेंद्राकडून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची थोर विद्युद्वाहिनी १९९९ सालापासून काम करीत आहे. दिवा इकडे उजळतो, कोळसा तिकडे जळतो. ओहायो आणि न्यू हॅम्पशायरमध्ये वारा जे करीत होता, त्याचीच ही उलटी बाजू: तेथे धूर दूर जात होता, येथे आपणच धुरापासून दूर गेलो आहोत.

वीजकेंद्रांच्या धुरातला गंधकाचा वायू रोखावा, असा नियम आपल्या सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये केला. त्याला दोन वर्षांची मुदत होती. ती पुन्हापुन्हा वाढवण्यात आली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य वीजकेंद्रांना त्या अटीतून सूटच देण्यात आली. आपल्या कोळशात गंधक कमी असतो आणि वीजकेंद्रांभोवतीच्या हवेत हा वायू मर्यादेतच आहे, अशी त्यामागची कारणे सांगितली गेली. ही कारणे खोटी आहेत असे मी म्हणत नाही. यंत्रे बसवायला खर्च येतो, तो विजेच्या दरात उतरतो, आणि गरिबाच्या घरातला एक दिवाही मोलाचा आहे, हे मलाही कळते. मी इतकेच विचारतो की, धुराड्याच्या पायथ्याशी उभे राहून केलेले मोजमाप पुरेसे असते काय? ओहायोच्या पायथ्याशीही आकडे मर्यादेतच आले होते. हिशेब न्यू हॅम्पशायरला निघाला.

याचा अर्थ माळ लावू नये असा मुळीच नाही. दिवाळी दिव्यांचीच आहे आणि दिवे लागावेत. पण आपल्या सुखाचे एक टोक आपल्याला दिसत नाही एवढी जाणीव असावी. आणि ते टोक जे कोणी पाहत बसले आहे, त्याचे म्हणणे त्रासदायक वाटले तरी ऐकून घ्यावे. परिसराच्या नोंदी ठेवणारी ठिकाणे पैशाअभावी बंद पडतात तेव्हा कोणी मोर्चा काढत नाही. पूल कोसळला तर आवाज होतो. वहीतली एक ओळ कोरी राहिली तर आवाज होत नाही. पण अठरा वर्षांच्या मालिकेतली मधली तीन वर्षे गेली, तर ती कोणत्याही किमतीला परत विकत मिळत नाहीत.

आपल्या शास्त्रकारांनी माणूस जन्मतःच ऋणी मानला: देवांचा, ऋषींचा, पितरांचा. ही तिन्ही ऋणे मागच्यांची आहेत. पुढच्यांचे ऋण त्यांनी वेगळे मोजले नाही; त्यांच्या हातून पुढच्यांचे फारसे बिघडवणे शक्यच नव्हते, हेही कारण असेल. आपल्या हातून ते शक्य झाले आहे, म्हणून चौथ्या ऋणाची नोंद आपण करायला हवी. त्याची फेड एकाच पिढीत होणार नाही, पण निदान खाते तरी खरे लिहून ठेवता येते.

हबर्ड ब्रूकला पावसाच्या आणि ओढ्याच्या पाण्याच्या हजारो बाटल्या जपून ठेवल्या आहेत. त्यांतले पुष्कळसे पाणी तपासून झालेले आहे. तरी ते फेकून दिले नाही, कारण उद्याच्या माणसाला त्या पाण्याला असा काही प्रश्न विचारायचा असेल की तो आज कोणाला सुचलेलाही नाही. बॉर्मन २०१२ साली वारले. त्यांच्या वेळचे पाणी अजून फळीवर आहे. आपण ज्याला कधी पाहणार नाही, त्याने आपल्याला काही विचारले तर उत्तर खरे मिळावे, एवढ्यासाठी कोणी तरी एक बाटली धुऊन स्वच्छ करतो, तिच्यावर तारीख घालतो आणि पुढच्या पावसासाठी उघड्यावर नेऊन ठेवतो.